पांढऱ्या खड्यांचं रिंगण

“मास्तर, तुमच्याच खड्यांनी घात केला बगा.”

धुरपदाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिची शेरडं ओढ्याकडं पांगली होती, पण आज तिचं तिकडं लक्ष नव्हतं. गोपाळकृष्ण मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसले होते. चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांचं एक मोठं रिंगण, आणि त्याच्या आरपार गेलेल्या जीपच्या दोन चाकोऱ्या. मधे गवत दबलं होतं. माळढोकाची मादी तिथं अंड्यावर बसायची. आता तिथं थोडी पिसं होती, आणि फुटलेलं एकुलतं एक अंडं.

मास्तरांनी कवचाचा तुकडा बाजूला केला. आतलं पिल्लू जवळजवळ तयार झालं होतं. चोचीच्या शेंड्यावर दाण्याएवढं पांढरं टोक दिसत होतं. कवच आतून फोडण्यासाठी निसर्ग ते पिल्लाला देतो आणि काम झालं की काढून घेतो. ते टोक न वापरताच राहिलं होतं.

“केव्हा आले होते?”

“काल दिस बुडायच्या आदी. जीप सरळ आली न्हाय. हितनं तितं, तितनं पल्याड. खडे दिसले की थांबायची. एक जन टपावर बसून बोट दावत हुता. म्या वरडले, देवीचं रान हाय ते, गाडी घालू नगा. तर हसले मेले.”

“पक्षी उडाला नाही?”

“उडंल कशी? अंड्यावरची बाई ती. जीप पार अंगावर येस्तवर बसून हुती.”

“कोण होते?”

“कोन असनार? पाव्हणं येगळं, जीप आण्णासायबाची.”

मास्तर उठले. त्यांनी पायानं एक खडा उडवला. तो गवतात पडला, तरी दुरून पांढरा दिसतच राहिला.

ते खडे त्यांनीच मांडले होते. येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीच्या यात्रेत चैत्री पुनवेनंतर पालखी आमराईकडं निघते, आणि वाटेतल्या चुन्याच्या रानात बायापुरुष चुनखडीचे खडे वेचतात. प्रत्येकानं पाच वेचायचे आणि आमराईत ढिगावर टाकायचे. त्या खड्याला इकडं कुणी पाय लावत नाही. तुळजापूरच्या पुजाऱ्याचा मुलगा असूनही मास्तरांचा देवीच्या चमत्कारांवर विश्वास नव्हता. पण या एका गोष्टीचा उपयोग त्यांच्या लक्षात आला. त्याच रानातून त्यांनी टोपलीनं खडे वाहिले, आणि माळावर जिथं जिथं मादी अंडं घाली तिथं तिथं, तिला बुजवणार नाही इतक्या अंतरावरून, रिंगण मांडलं. गावात सांगितलं, रिंगणात गुरं घालू नका, विळा लावू नका. गावानं ऐकलं. कायद्याच्या पाटीला जे जमलं नसतं ते खड्यांनी केलं. जुनी रिंगणं ते मोडत नसत. दरवर्षीचं नवं रिंगण जुन्याच्या शेजारी पडू लागलं, तेव्हा त्यांना कळलं, की मादी पुन्हा त्याच पट्ट्याला येते. हे त्यांच्याआधी कुणी मोजून दाखवलं नव्हतं. मुंबईच्या एका शास्त्रीय नियतकालिकानं त्यांचा लेख छापला, तेव्हा संपादकांनी विचारलं होतं, आपण कोणत्या विद्यापीठात असता? मास्तरांनी खरं ते कळवलं. आठवी ते अकरावीला विज्ञान शिकवतो.

हैद्राबादेत उस्मानिया विद्यापीठात असताना ते प्राणिशास्त्र उर्दूतून शिकले होते. तिथं त्याला हैवानियात म्हणत. वडील विष्णुपंत शेवटपर्यंत म्हणत राहिले, “देवीची पूजा सोडली आणि हैवानांची धरली.”

जीपच्या चाकोऱ्या धरून ते चालत निघाले. चाकोऱ्या दुसऱ्या रिंगणाला गेल्या होत्या, मग तिसऱ्याला. ती रिकामी होती, जुन्या वर्षांची. टपावरच्या माणसाला नवं-जुनं कळत नव्हतं. त्यानं आपलं एकेक तपासत नेलं होतं, मास्तर स्वतः तपासत तसंच.

*

आण्णासाहेब ओसरीवर दाढी करून घेत होते. ते शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. रझाकारांच्या वेळी बार्शीकडच्या कॅम्पात राहून आले होते. मांडीवर गोळीचा व्रण होता आणि भाषणात तो येत असे.

“या मास्तर. आरं, मास्तरला च्या सांगा.”

“चहा नको. काल माळावर तुमची जीप होती.”

“व्हय. पाव्हणं आलं हुतं. मोठी मान्सं, माळ दाखवला.” न्हाव्याला गाल फुगवून देत ते म्हणाले, “रात्री पंगत झाली. तुमी खात न्हाय, न्हायतर निरोप धाडला असता.”

मास्तरांनी आवाज खाली ठेवला. रागावले की त्यांचा आवाज खाली जाई, हे शाळेतल्या पोरांना माहीत होतं, आण्णासाहेबांना नव्हतं.

“ती मादी अंड्यावर होती. विणीच्या दिवसांत कायद्यानं बंदी आहे.”

“कायदा?” आण्णासाहेब हसले. “मास्तर, काल टपावर बसून बोट दावनारा जो हुता ना, कायदा त्येच्याच टेबलावर असतोय. जावा, त्येलाच द्या अर्ज.”

“ते खडे शिकारीसाठी नव्हते.”

“मग कशाला हुते? तुमीच तर शाळेच्या संमेलनात सांगितलं, पांढऱ्या खड्यात पाखरू असतंय म्हून. म्या पयल्या रांगेत बसलो हुतो. सगळे जांभया देत हुते, एकटा म्या ध्यान देऊन ऐकलं. आता ऐकल्याचा बी राग?”

न्हावी हसला आणि मास्तरांकडं पाहून थांबला.

“निजामाच्या वक्ताला,” आण्णासाहेबांचा सूर बदलला, “त्या माळावर आमच्या बापाला पाय ठिवायची चोरी हुती. नवाब यायचे, हाका घालायला आमी. दगड-काट्यातनं पळायचं आमी, बार टाकायचा त्येंनी. आता राज आपलं हाय. माळ आपला, पाखरू आपलं. तुमी आमालाच शिकवता व्हय, मारू नगा म्हून?”

“नवाबांनी वर्षाला एकदा मारलं. तुम्ही शेवटचं माराल.”

“शेवटचं कशानं? हायत की अजून दोन-तीन माद्या. तुमच्याच खड्यांवरनं दिसतंय.” त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. “फुडच्या भादव्यात त्येच पाव्हणं परत येनार हायत. साळंला नवी इमारत पायजे का न्हाय? पाव्हण्याच्या सहीनं हुती ती. तुमालाच परयोगशाळा भेटनार. इचार करा. आन् जमत नसंल तर जवळच्याच वाशीच्या आपल्या साळंत जागा मोकळी हाय. तितं माळ न्हाय, तरास न्हाय.”

मास्तर ओसरीवरून उतरले. मागून आण्णासाहेब म्हणाले, “च्या पिऊन जायचं हुतं.”

*

मास्तरांनी अर्ज केला. एक नव्हे, बरेच. पोच आली नाही. एकदा ते स्वतः जिल्ह्याला गेले. कचेरीच्या भिंतीवर काळविटाची शिंगं टांगलेली होती आणि शिपाई त्यांच्या टोकावर टोपी अडकवून बसला होता. त्यानं विचारलं, “काय काम?” मास्तरांनी शिंगांकडं पाहिलं आणि ते बसस्थानकावर परत आले.

घरी बायकोनं, विमलनं, त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते भाकरी मोडत आणि खायचं विसरत.

“अहो, खडे उचलून टाका ना मग. खडे नाहीत तर त्यांना कसं कळणार?”

“उचलून टाकू?” ते म्हणाले. “विमल, तो माळ केवढा आहे माहितीय तुला? इतक्या वर्षांचे खडे. पावसानं अर्धे जमिनीत बसलेत, अर्धे पांगलेत. मी एकटा जन्मभर वेचत बसेन.”

“दोघं वेचू.”

“आणि समजा वेचले. मग मुंबईच्या लोकांना काय दाखवू?”

तेच खरं दुखणं होतं. मुंबईची तज्ज्ञमंडळी पुढच्या कार्तिकात माळ पाहायला येणार होती. मादी त्याच पट्ट्याला परत येते, म्हणून तो पट्टा कायमचा राखला पाहिजे, असं त्यांनी सरकारला लिहायचं मान्य केलं होतं. पण आधी डोळ्यांनी बघू म्हणाले होते. एका खेड्यातल्या शाळामास्तरच्या नकाशावर सरकार जमीन राखत नाही. माळावर शेजारी शेजारी पडलेली रिंगणं हाच पुरावा होता. आणि पाहुणे भाद्रपदात येणार होते, कार्तिकाच्या आधी.

“म्हणजे खडे ठेवले तर पाखरं जातात,” विमल म्हणाली, “आणि काढले तर तुमचं सगळं काम जातं.”

“हो.”

“मग राग कुणावर काढताय? भाकरीवर?”

त्यांनी भाकरीकडं पाहिलं. तिचा चुरा झाला होता.

*

सत्काराची बातमी त्यांना फळ्यावर वाचायला मिळाली. यात्रेच्या दिवशी, आमराईच्या वाटेवर संस्थेचा मांडव. थोर पक्षितज्ज्ञ गोपाळकृष्ण मास्तर यांचा जाहीर सत्कार. हस्ते, जिल्ह्याचे एक मोठे अधिकारी. मास्तरांनी फळा पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लिहिलेला होता, आणि खाली जास्तीची ओळ होती: सर्व शिक्षकांची उपस्थिती आवश्यक.

“जाऊ नका,” विमल म्हणाली.

“जाणार. त्या माणसाचा चेहरा मला बघायचाय.”

चैत्राचं ऊन. पालखी अजून मागं होती. संबळ ऐकू येत होता आणि चुन्याच्या रानाकडं माणसांची रीघ लागली होती. बायांच्या ओट्या खोचलेल्या, पोरं खांद्यावर. मांडवात शाळेची मुलं, गावकरी, आणि सावली दिसली म्हणून टेकलेले यात्रेकरू. मास्तरांनी अधिकाऱ्याला ओळखलं नाही. पण मागं उभ्या असलेल्या धुरपदाबाईनं ओळखलं. तिनं काठीचं टोक आकाशाकडं, मग अधिकाऱ्याकडं केलं. टपावरचा.

नारळ झाला, शाल झाली. आण्णासाहेबांनी भाषणात मास्तरांना गावाचं भूषण म्हटलं. “तेंच्यामुळं माळढोकाचं नाव मुंबईपातूर गेलं. म्हून संस्थेनं ठरीवलं, मास्तरच्या कार्याची कायमची आठवन परयोगशाळेत पायजे.” त्यांनी खूण केली. शिपायानं टेबलावरच्या चौकोनी वस्तूवरचं लाल फडकं ओढलं.

काचेची पेटी होती. आत माळढोकाची मादी होती, पेंढा भरलेली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. शिपायाला वाटलं, मास्तर पेटी जवळून बघायला उठले. ते खरोखरच जवळून बघत होते. पेंढा भरणाऱ्या सोलापूरच्या कारागिरानं ही जात कधी पाहिली नसावी. त्यानं मादीच्या गळ्यात नर घुमताना फुगवतो तशी पिशवी भरली होती. डोळ्याच्या जागी शर्टाचं बटण. आणि तिला बाभळीच्या फांदीवर बसवलं होतं. पायांची तीन बोटं फांदीवर ठरेनात म्हणून तार गुंडाळली होती.

“मास्तर दोन शब्द बोलतील,” आण्णासाहेब म्हणाले.

मास्तर बोलायला लागले तेव्हा पुढची मुलं एकदम गप्प झाली. आवाज खाली गेला होता.

“या पक्ष्याला मागचं बोट नसतं,” ते म्हणाले. “फांदी धरायला मागचं बोट लागतं. म्हणून हा पक्षी जन्मात कधी झाडावर बसत नाही. जन्मतो जमिनीवर, राहतो जमिनीवर. याला झाडावर बसवायला आधी मारावं लागतं आणि मग तारेनं बांधावं लागतं.”

अधिकाऱ्यानं मान डोलावली. त्याला ती माहिती वाटली.

“ही मादी आहे. मादी घुमत नाही, तिचा गळा फुगत नाही. ही मेली तेव्हा अंड्यावर होती. जीप आली तरी उठली नाही. आत पिल्लू होतं. कुणी मारली ते मांडवातल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी सांगत नाही. ज्यांनी मारली त्यांनीच ही शाल दिली.”

त्यांनी शाल काढली, घडी केली आणि पेटीवर ठेवली. आण्णासाहेब हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाले, “मास्तर इनोदी हायत,” आणि टाळ्यांसाठी हात उचलले. पण मास्तरांचं संपलं नव्हतं.

ते मांडवाबाहेर बघत होते. चुन्याच्या रानात माणसं वाकलेली होती. जिथवर नजर जाईल तिथवर वाकलेल्या पाठी. आजवर त्यांनी ही यात्रा दरसाल पाहिली होती, आणि आत्ता पहिल्यांदा त्यांनी तिच्यातले हात मोजायचा प्रयत्न केला. मोजता येईनात.

त्यांचा आवाज आणखी खाली गेला. “आता एकच सांगतो. पलीकडच्या माळावर देवीचे खडे आहेत. मीच ते या रानातून नेले होते. विचारलं नव्हतं. ते देवीचे देवीला परत गेले पाहिजेत. मला एकट्याला होणार नाही.” ते थांबले. पुजाऱ्याच्या घरात ऐकलेली भाषा त्यांच्या तोंडात परकी वाटत होती. “यंदा पाच खडे त्या माळावरनं घ्या. पाचावर थांबू नका. एकसुद्धा पांढरा खडा तिथं ठेवू नका.”

आण्णासाहेबांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते अर्धे उठले. पण बोलणार काय? देवीचे खडे वेचू नका, असं चैत्री यात्रेत माईकवरून कोण सांगणार? ते उभे राहिले, हात जोडले, आणि “येडेश्वरीचा उदो उदो” म्हणाले. दुसरं त्यांना करता येण्यासारखं काही नव्हतं.

“उटा गं बायांनो,” मागून धुरपदाबाई ओरडली. “पाटी घ्या, पदर घ्या. ठिकानं म्या दावते.”

*

दुपार उतरेपर्यंत माणसं माळावर होती. कळंबची, वाशीची, पार अणदूरकडची. त्यांना माळढोक माहीत नव्हता. त्यांना एवढंच कळलं होतं, की इथले खडे देवीचे आहेत आणि परत न्यायचे आहेत. बाया गवतात बसून खुरप्यानं रुतलेले खडे उकरत होत्या. एका म्हातारीनं मास्तरांना हटकलं, “सर की बाबा बाजूला. तुज्या पायाखाली हाय एक.”

मास्तर सरकले. तो पहिल्या रिंगणातला होता. त्या वर्षी त्यांचं लग्न झालं होतं आणि विमल टोपलीचं दुसरं टोक धरायला आली होती. म्हातारीनं खडा पदरात टाकला.

विमल माळाच्या कडेला उभी होती. ती जवळ आली आणि तिनं त्यांच्या ओंजळीत आपले पाच खडे ओतले. मग दुसरे पाच वेचायला वाकली.

संध्याकाळी आमराईत ढीग उभा राहिला. जुने लोक म्हणाले, एवढा ढीग कधी झाला नव्हता. मास्तर रांगेत उभे राहिले, पाळी आल्यावर त्यांनी ओंजळ उघडली. खडे घरंगळत खाली आले आणि इतरांत मिसळले. मास्तर पाहत राहिले. कुठला कुठल्या वर्षाचा, कुठल्या रिंगणाचा, ते आता कुणालाच सांगता आलं नसतं.

मुंबईला त्यांनी पोस्टकार्ड टाकलं. माळावर आता दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी येण्याची तसदी घेऊ नये. तिकडून सभ्य उत्तर आलं. त्यात मागच्या लेखाबद्दल एक शंका होती.

वाशीच्या बदलीचा हुकूम दिवाळीनंतरचा निघाला. तोवर काचेची पेटी त्यांच्या ताब्यात होती. एके दिवशी तास संपल्यावर त्यांनी तिची मागची फळी काढली, पक्कड घेऊन तार तोडली आणि फांदी बाहेर फेकली. जास्तीचा पेंढा काढून गळा पुन्हा शिवला. मादीला पेटीच्या तळावर, मूठभर वाळक्या गवतात उभं केलं. ती एका बाजूला थोडी कलत होती. तीन बोटांना टेकायला जमीन मिळाली होती, पण पाय आधीच वाकवून टाकलेले होते.

भाद्रपदात जीप आली. गावानं ती माळावर फिरताना पाहिली, उभी-आडवी, दिवसभर. गवत कमरेएवढं होतं आणि सगळीकडं सारखंच हिरवं. एकदा ती नाल्यात फसली. ओढून काढायला गावातल्या बब्रुवान पाटलाचे बैल लावावे लागले. अंधार पडताना ती मोकळीच परत गेली. त्या रात्री आण्णासाहेबांकडं कोंबड्या कापल्या.

चार दिवसांनी धुरपदाबाई शाळेच्या कुंपणाशी आली. मास्तर बाहेर गेले. ती कुंपणावरून वाकली, आणि उगाच इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली,

“बसलीय.”

मास्तरांचा हात कुंपणाच्या तारेवर होता.

“म्या सोता बगितली. शेरडं लांबनंच वळीवली. एक अंडं हाय. मागल्या जागंपास्नं लई लांब न्हाय बगा, तुमी म्हनत हुतात तसंच. किती लांब ते तुमी मोजा. चला, दावते.”

किती लांब? त्यांच्या मनात प्रश्न उठला, आणि त्यापाठोपाठ कोणत्या दिशेला, आणि उतारावर की सपाटीला. उत्तर कोसभरावर होतं. पावसानं ओली झालेली जमीन होती. गेलं की पायवाट पडते.

“नको,” ते म्हणाले.

“आता गं बया. बगायची न्हाय?”

“नको, धुरपदाबाई. कुठं ते मलाही सांगू नका.”

तिला ते पटलं नसावं. एवढं चालत आली होती. “निस्ती दिशा तर बगा,” असं म्हणून तिनं काठी उचलली.

मास्तरांनी माळाकडं पाठ केली.